घास कोण नेतं

दोन वर्षं आमच्या घरात जेवताना आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, एकच प्रश्न विचारायच्या. "गेला का गं?" घास खाली उतरला का, असं विचारणं ते. मी मान हलवून नाही म्हटलं की त्या तांब्या पुढं सरकवायच्या. मी घोटावर घोट पाणी प्यायचे, ताटावरून उठून उभी राहायचे, दोन्ही हात डोक्याच्या वर ताणून छाती पुढं काढायचे. मग कधीतरी छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापाशी काहीतरी सुटायचं आणि अडलेलं सगळं एकदम खाली जायचं. मग पुढचा घास.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. विज्ञान माझ्याकडं आहे. तोंड, ग्रसनी, अन्ननलिका, जठर, लहान आतडं, मोठं आतडं असा पचनसंस्थेचा तक्ता चौदा वर्षं माझ्या वर्गाच्या भिंतीवर आहे. "अन्ननलिकेतून अन्न जठरात जाते" हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. त्यातल्या "जाते" या शब्दात केवढं काम आहे, ते माझ्या अन्ननलिकेनं काम सोडलं तेव्हा मला कळलं.

सुरुवात भाकरीनं झाली. ज्वारीची भाकरी कोरडी असते, ठेच्याबरोबर घाईत खाल्ली की छातीत बसते, हे आमच्याकडं सगळ्यांनाच माहीत आहे. म्हणून पहिले काही महिने मी लक्ष दिलं नाही. भाकरी वरणात कुस्करून खाऊ लागले. मग वरण-भातही अडू लागला. आणि एके दिवशी नुसतं पाणी अडलं. शाळेतून उन्हात चालत आले, माठातलं पाणी प्यायले आणि ते छातीत उभं राहिलं. त्या दिवशी मी घाबरले.

तालुक्याच्या ठिकाणी एका डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. त्या वर्षभर घेतल्या. दुसऱ्यांनी सांगितलं, तुम्ही टेन्शन घेता, शाळेचा ताण आहे, घशात गोळा आल्यासारखं वाटतं एवढंच. शेजारच्या काकूंनी नजर उतरवली. माझं वजन ५८ किलोवरून ४६ वर आलं. लग्नाकार्यात पंगतीला बसणं मी बंद केलं, कारण मधेच उठून हात वर करून उभी राहिले की सगळ्यांच्या नजरा माझ्यावर यायच्या. रात्री आडवी झाले की खाल्लेलं तोंडात परत यायचं, उशी ओली व्हायची, खोकल्याची उबळ यायची. आमचे हे मग पाठ चोळत बसायचे. पोरं जागी होऊ नयेत म्हणून मी तोंडावर पदर दाबून खोकायचे.

शेवटी माझ्या भावानं जबरदस्तीनं संभाजीनगरला नेलं. तिथल्या पोटविकार तज्ज्ञांनी बाकी काही विचारायच्या आधी विचारलं, "रात्री जे वर येतं, ते आंबट असतं का?"

मी थोडा विचार केला. आंबट नसायचं. घशात जळजळही नसायची. जेवताना जशी चव होती तशीच चव, भाकरीचा तोच गोडसर वास. डॉक्टर म्हणाले, "मग ते जठरातून आलेलंच नाही. जठरात गेलं असतं तर आंबट होऊन आलं असतं." दोन वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्याही ध्यानात आलं नव्हतं, आणि मी तर विज्ञान शिकवते. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, हे पोरांकडून पाठ करून घेते.

त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती प्रत्येकानं लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. फक्त घट्ट अन्न अडत असेल तर आत कुठंतरी वाट अरुंद झाली असण्याची शक्यता जास्त, आणि त्यात कर्करोगही येतो. घट्ट आणि पातळ दोन्ही अडत असेल तर बिघाड बहुतेक हालचालीत असतो. पण दोन्हींत दुर्बीण घालून बघायलाच हवं. गिळायला त्रास होतोय आणि महिनोन् महिने नुसत्या गोळ्या चालल्यात, असं कुणाचंही होऊ नये.

पुढच्या आठवड्यात एकामागून एक तपासण्या झाल्या. दुर्बिणीच्या आधी मला फक्त पातळ खायला सांगितलं होतं, तरी अन्ननलिकेत जुनं अन्न सापडलं. गाठ नव्हती. जठराच्या तोंडाशी दुर्बीण अडली, जरा रेटा दिल्यावर आत गेली. गाठ नाही म्हटल्यावर भाऊ बाहेर जाऊन बाकावर बसला आणि रडला.

मग बेरियम. खडूची पूड कालवल्यासारखं पांढरं घट्ट पाणी प्यायचं आणि एक्स-रे यंत्रासमोर उभं राहायचं. एक मिनिटानं फोटो, दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी. पाचव्या मिनिटालाही पांढरं पाणी अन्ननलिकेत उभंच होतं. वर फुगलेली नळी, आणि खाली एकदम निमुळती होत गेलेली, पाखराच्या चोचीसारखी. डॉक्टर म्हणाले, चोच हाच शब्द त्यांच्या पुस्तकातही आहे.

खरी तपासणी पुढची. मॅनोमेट्री. अन्ननलिकेच्या आतला दाब मोजायची. सहा तास उपाशी ठेवून नाकात बधिर करणारी जेली सोडली आणि एक बारीक नळी नाकातून घशात, घशातून खाली घातली. भूल नाही, कारण गिळायचं आपणच असतं. नळी घशाच्या मागं टेकली तेव्हा उमासे आले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिथली तंत्रज्ञ मुलगी माझा हात धरून म्हणत होती, "ताई, हनुवटी छातीला लावा, पाणी ओढा, गिळा, अजून गिळा." नळी खाली उतरली. तिच्यावर प्रत्येक सेंटिमीटरला एक असे ३६ सेन्सर होते.

आडवं झोपवून तिनं मला दहा वेळा ५ मिलिलिटर पाणी दिलं. प्रत्येक घोटानंतर जवळजवळ अर्धा मिनिट थांबायचं आणि मधे आवंढासुद्धा गिळायचा नाही. करून बघा, आवंढा न गिळता अर्धा मिनिट राहणं किती अवघड जातं. मी पडद्याकडं बघत होते. कमी दाब निळा, वाढत गेला की हिरवा, पिवळा, लाल.

आधी तिनं मला निरोगी माणसाचं चित्र दाखवलं होतं. गिळल्याबरोबर वरची झडप उघडते, मग रंगाचा एक तिरपा पट्टा वरून खाली उतरत जातो. ती लाट. पंचवीसेक सेंटिमीटरची वाट, आठ-दहा सेकंदांत ती पार करते. आणि खालच्या टोकाला जठराच्या तोंडाशी जो आडवा पट्टा कायम रंगीत असतो, तो लाट पोचायच्या कितीतरी आधी, गिळल्यावर दोनेक सेकंदांतच निळा होतो. दार आधी उघडतं, घास नंतर येतो.

माझ्या चित्रात तिरपा पट्टा नव्हताच. गिळलं की वरपासून खालपर्यंत सगळी नळी एकाच क्षणी एकाच रंगाची व्हायची, बंद बाटली दाबल्यासारखी. आणि खालचा पट्टा दहाच्या दहा वेळा रंगीतच. झडप ढिली पडल्यावर तिथला दाब १५ च्या आत यायला हवा, माझा २८ होता. आजाराचं नाव ॲकॅलेझिया, प्रकार दुसरा. वर्षाला लाखात एखाद्यालाच नव्यानं होणारा आजार. तिन्ही प्रकारांत दुसरा उपचारांना सगळ्यात चांगली दाद देतो, हेही त्यांनी सांगितलं. ॲकॅलेझिया म्हणजे ढिलं न होणं. मूळ शब्द ग्रीक आहे.

घरी आल्यावर आत्याबाईंना हे कसं सांगावं मला कळेना. मग गोठ्यात म्हैस पिळताना त्यांनाच म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही सड कसा पिळता?" त्या म्हणाल्या, "वरून आवळायचं अन् खाली सोडत यायचं." म्हटलं, "गिळताना आत हेच होतं. घासाच्या वर आवळायचं, घासाच्या खाली सोडायचं. माझं खालचं तोंड सुटतच नाही." त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी सड बंद पडल्यागत झालंय म्हण की. अन् लोकं म्हणत व्हते टेन्शन." एवढी नेमकी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही.

वर आवळणं आणि खाली सोडणं हा आतड्याचाच नियम आहे. १८९९ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी कुत्र्याच्या आतड्यावर तो दाखवला. मेंदूकडून येणाऱ्या नसा तोडल्या तरी आतड्यात घातलेल्या गोळीच्या वरचा भाग आवळत होता आणि खालचा ढिला पडत होता. म्हणजे हुकूम वरून येत नव्हता, आतड्याच्या भिंतीतच कुणीतरी होतं. ते "कुणीतरी" म्हणजे स्नायूंच्या दोन थरांमध्ये पसरलेलं चेतापेशींचं जाळं. जर्मन शास्त्रज्ञ आउअरबाख यांचं नाव त्याला आहे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत अशा १० कोटींहून जास्त चेतापेशी आहेत. त्यातल्या काही आवळायला सांगतात, काही सोडायला. सोडायला सांगणाऱ्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. हा वायू शरीरात निरोप पोचवतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. माझ्या अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या नेमक्या याच पेशी नष्ट झाल्या होत्या. आवळणाऱ्या शिल्लक होत्या.

मला वाटायचं, ढिलं पडणं म्हणजे काही न करणं. तसं नाही. ती झडप काही न करता आवळलेलीच राहते, झोपेतसुद्धा. उघडायला निरोप लागतो, निरोप द्यायला जिवंत पेशी लागतात. आणि लाटेची सुरुवातही ढिलं पडण्यानंच होते. गिळल्याबरोबर सगळ्या नळीला आधी "सोड" असा निरोप जातो, मग वरून खाली, थोड्या थोड्या उशिरानं, "आवळ" असा. आपण गटागटा पाणी पितो तेव्हा प्रत्येक घोट आधीच्या घोटाची लाट थांबवतो. अन्ननलिका नुसती उघडी राहते, आणि शेवटच्या घोटानंतर एकच लाट येऊन सगळं झाडून नेते. उन्हातून आलेला माणूस तांब्या तोंडाला लावून एका दमात रिकामा करतो, त्यामागं एवढा मोठा संयम असतो.

त्या काळात मी संध्याकाळी हौदापाशी जाऊन बसायचे. बैल खाली मान घालून पाणी प्यायचे. तोंड खाली, पोट वर, आणि पाणी मानेच्या चढावरून वर जात होतं. लहानपणापासून बघत आले, पण त्यात आश्चर्य करण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नव्हतं. मग ते बसून रवंथ करायचे. मानेच्या डाव्या अंगाला कातडीखालून एक गोळा सर्रकन वर चढताना दिसायचा, चावून झाला की खाली जायचा. त्यांची लाट दोन्ही दिशांनी चालते. मला एकाच दिशेची पुरली असती.

उपचाराआधी काही आठवडे जेवणापूर्वी जिभेखाली ठेवायची गोळी घेतली. हृदयविकाराच्या माणसाला देतात तीच. ती शरीरात नायट्रिक ऑक्साइड देते, म्हणजे माझ्या गेलेल्या पेशी जे देत होत्या ते. झडप थोडा वेळ सैल व्हायची, पण डोकं इतकं ठणकायचं की जेवण नको वाटायचं. ही गोळी कुणी आपल्या मनानं घेऊ नये, रक्तदाब एकदम उतरतो.

पुढं वाटा तीन होत्या. फुगा घालून झडप ताणायची. किंवा शस्त्रक्रियेनं तिथला स्नायू बाहेरून कापायचा, ही जर्मनीतल्या हेलर यांची १९१३ सालची पद्धत, आता दुर्बिणीतून करतात. किंवा तोंडातूनच दुर्बीण घालून तो स्नायू आतून कापायचा, या शस्त्रक्रियेला पोएम म्हणतात. ही २००८ मध्ये जपानच्या इनोए यांनी पहिल्यांदा माणसावर केली. यातलं काहीच नव्हतं तेव्हा, १६७४ मध्ये, इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी एका रोग्याला देवमाशाच्या हाडाची काडी आणि तिच्या टोकाला स्पंजाचा बोळा बांधून दिला होता. जेवला की त्यानं अन्न आत ढकलायचं. पंधरा वर्षं तो माणूस तसा जेवला. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसून राहिले. कारण मीही तेच करत होते, पाण्यानं.

आम्ही पोएम ठरवली आणि हैदराबादला गेलो. परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं. आमच्याकडच्या माणसांना मोठ्या आजारात पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचं वाटतं. डब्यात नांदेडपासून पुढचे अर्धे लोक कुणाची तरी फाइल मांडीवर घेऊन बसलेले होते.

ऑपरेशन भुलीत झालं, त्यामुळं मला माहीत आहे ते नंतर ऐकलेलं. अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला एक छोटी चीर देऊन दुर्बीण त्या अस्तराच्या आणि स्नायूच्या मधे शिरते. तिथून बोगदा करत जठरापर्यंत जाते, मग गोल स्नायूचा थर आतून कापते. माझा साधारण १० सेंटिमीटर कापला. शेवटी वरची चीर क्लिपा लावून बंद करतात. बाहेर एकही टाका नाही. शुद्धीवर आले तेव्हा छाती दुखत होती आणि गळ्याच्या कातडीखाली हवा शिरली होती, बोट दाबलं की कुरकुरायची. दोन दिवसांत ती जिरली.

दुसऱ्या दिवशी औषध पाजून पुन्हा एक्स-रे काढला. कुठं गळत तर नाही, हे बघायचं होतं. मी पडद्याकडं बघत होते. घोट घेतला आणि तो कुठं थांबलाच नाही. परिचारिका म्हणाली, "हो गया, अम्मा." मी तिला अजून एक घोट मागितला. तिला वाटलं तहान लागली.

आता जे सांगते ते ऑपरेशनच्या आधीच समजून घेतलं पाहिजे. दार उघडं झालं, पण लाट परत आली नाही. गेलेल्या पेशी येत नाहीत. माझा घास आता वजनानं खाली उतरतो. म्हणून ताठ बसून जेवायचं, सावकाश, प्रत्येक दोन-तीन घासांना पाणी. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. आणि दार उघडं असल्यानं खालचं आम्ल वर येऊ शकतं, म्हणून पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आहेत आणि सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करायची गोळी आहे. तीच गोळी, जी आधी वर्षभर उगाच घेतली. आता ती खरंच लागते. गिळण्याचा त्रास, अन्न वर येणं, छातीतलं दुखणं आणि वजन घटणं या चार गोष्टींना शून्य ते तीन गुण देऊन बेरीज करतात. माझी बेरीज ९ होती. सहा महिन्यांनी १ आली.

शाळेत पुन्हा तो धडा आला तेव्हा मी तक्त्यापाशी तीन तास घालवले. अभ्यासक्रम मागं पडला तर पडला. पोरांना पोटावर कान लावून ऐकायला सांगितलं. जठराला मिनिटाला तीन लाटा येतात, लहान आतड्याच्या सुरुवातीला बारा. हा ठेका देणाऱ्या पेशी वेगळ्याच आहेत, त्यांना स्पेनच्या काहाल यांचं नाव आहे. पोट रिकामं असलं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत एक मोठी लाट जाते, उरलंसुरलं झाडून नेणारी. तिचाच आवाज ऐकून आपण म्हणतो, पोटात कावळे ओरडतायत. जेवण सुरू झालं की ती लाट थांबते. सकाळी चहा पोटात गेला की परसाकडं जावंसं वाटतं, तेही जठरानं मोठ्या आतड्याला दिलेला निरोप. चहा काही तिथवर पोचलेला नसतो. भीती वाटली की पोटाचं काम मंदावतं, हे परीक्षेच्या दिवशी डबा परत नेणाऱ्यांना लगेच पटलं.

मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "मॅडम, उलटं टांगलं तर पाणी पोटात जाईल का?"

"तुझ्या जाईल," मी म्हटलं. "माझ्या नाही." आणि मग त्यांना सगळं सांगितलं, नळीपासून विटांपर्यंत. एवढा शांत वर्ग मी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी एक मुलगी मधल्या सुट्टीत आली आणि म्हणाली, माझ्या आजीलाही भाकरी अडते, ती पण उभी राहते. तिच्या वडिलांना मी शाळेत बोलावून घेतलं आणि माझ्या फाइलमधला चोचीचा फोटो दाखवला. ते आजीला घेऊन गेले आहेत. त्यांच्या तपासण्या अजून चालू आहेत.

मागच्या हंगामात नवी ज्वारी आली. परभणी मोती, दाणा टपोरा, भाकरी पांढरीशुभ्र. चुलीपुढं बसून आत्याबाई भाकऱ्या थापत होत्या. मी ताठ बसून पहिला तुकडा वांग्याच्या भाजीत बुडवला, चावला, गिळला आणि सवयीनं थांबले. आत्याबाईंनी विचारलं नाही. त्या माझ्याकडं बघतही नव्हत्या. वासराला पातळ होतंय, उद्या डॉक्टरला बोलवायला सांग, असं काहीतरी सांगत त्यांनी पुढची भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला.